आधी झाडू, मग शब्द



गोड बोलणारी माणसे गावात पुष्कळ असतात. ती चहा पाजतात, पाठीवर थाप मारतात, 'तुझंच बरोबर आहे गड्या' म्हणतात. चूक दिसली तर तोंडावर सांगणारा मात्र एखादाच. त्याचा आपल्याला राग येतो. पण वेळ आली म्हणजे कळते, की खरा मित्र तोच होता.

हे तर सर्वांना ठाऊक आहे. मग या धड्यात नवे ते काय? नवे हे, की स्पष्ट बोलण्याचीही एक रीत आहे. रीत चुकली तर औषधाचे विष होते. आमच्या हातून ही चूक झाली. ती कशी झाली, आणि पुढे काय झाले, ते आज सांगतो.

आमचा मित्र

आमचा एक बालमित्र आहे. 'गोष्ट सांग, पण नाव सांगू नकोस,' असे त्याने बजावले आहे. म्हणून नाव सांगत नाही. वय ५५ च्या घरात. चार एकर रान, त्यातले निम्मे विहिरीखाली. दारात दोन म्हशी. गळ्यात तुळशीची माळ. दर आषाढीला पायी पंढरपूरला जाणार. स्वभावाने दिलदार. दारी आलेला माणूस चहाशिवाय परत जायचा नाही.

अशा या भल्या माणसाच्या डोक्यावर तीन ओझी होती.

पहिले ओझे मधुमेहाचे. गावात याला 'शुगर' म्हणतात. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या होत्या. तो एक दिवस घ्यायचा, चार दिवस विसरायचा.

दुसरे ओझे कर्जाचे. मुलाला नोकरी लागली तेव्हा नवस फेडायला त्याने गावजेवण घातले. त्यासाठी सावकाराकडून ५०,००० रुपये काढले. व्याज शेकडा पाच, तेही महिन्याला.

तिसरे ओझे एका बुवाचे. हा बुवा शेजारच्या गावी येऊन बसला होता. तो म्हणाला, "अकरा हजारांचं अनुष्ठान कर. गोळ्या बंद कर. चैत्रापासून आषाढीपर्यंत पायात चप्पल घालू नकोस. शुगर मुळासकट जाईल." आमच्या मित्राने चप्पल सोडली, गोळ्याही सोडल्या. अकरा हजारांसाठी तो पुन्हा सावकाराच्या दारी जाणार होता.

पारावर काय झाले

एके दिवशी संध्याकाळी आम्ही पारावर बसलो होतो. दहा-बारा माणसे होती. मित्र आला आणि मोठ्या आनंदाने अनुष्ठानाची गोष्ट सांगू लागला. आम्हाला राहवले नाही. आम्ही सगळ्यांदेखत म्हणालो, "लेका, तुझी अक्कल गहाण पडली की काय? गोळ्या फुकट मिळतात त्या खायच्या नाहीत, आणि कर्ज काढून राख खायची! वाचायला शिकलास तो काय उपयोग?"

माणसे हसली. मित्राचा चेहरा उतरला. तो काही बोलला नाही. टोपी उचलली आणि अनवाणीच निघून गेला.

आम्हाला वाटले, खरे बोललो, बरे झाले. पण त्या दिवसापासून त्याने आमचे तोंड पाहिले नाही. समोरून आलो तर तो वाट बदलायचा. आम्हीही अडून बसलो. 'त्याची चूक, त्यानेच यावे,' असे म्हणत तीन आठवडे घालवले.

एके दिवशी सकाळी वहिनी दारात उभ्या राहिल्या. डोळे भरलेले. म्हणाल्या, "भावजी, तुम्ही बोललात ते खरंच होतं. पण चार माणसांत बोललात. आता ते म्हणतात, मेलो तरी त्याचं ऐकणार नाही. पायाला जखम झाली आहे. बुवाचा अंगारा लावतात. घरभर वास सुटलाय. तुमचं खरं तुमच्यापाशी राहिलं, जखम मात्र आमच्या घरात राहिली."

हे शब्द आमच्या वर्मी लागले. अजूनही आठवतात.

गाडगेबाबांची रीत

त्या वेळी आम्हाला गाडगेबाबांची आठवण झाली. गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यात झाला. १९५६ साली ते वारले. त्यांच्याइतके परखड बोलणारा माणूस महाराष्ट्राने क्वचितच पाहिला असेल. कर्ज काढून सण करू नका, देवापुढे बकरे मारू नका, दारू पिऊ नका, पोरांना शाळेत घाला, असे ते कीर्तनात ठणकावून सांगत. समोरच्या माणसाला प्रश्न विचारत आणि त्याच्याच तोंडून उत्तर काढून घेत. तरी हजारो माणसे त्यांचे ऐकायला जमत. रागावून उठून जात नसत.

असे का? कारण बाबांच्या हातात खराटा असे. गावात आले की आधी ते गाव झाडत. गटारे साफ करत. दिवसभर लोकांची घाण उचलत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. ज्याने आपले अंगण झाडले त्याचा कडू शब्दही माणूस ऐकून घेतो.

आम्ही पारावर शब्द टाकला होता. झाडू मात्र हातात घेतला नव्हता.

आम्ही तडक मित्राच्या घरी गेलो. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. आम्ही काही न बोलता म्हशींना वैरण घातली, पाणी दाखवले. मग त्याच्या उशाशी बसून म्हणालो, "पारावर बोललो ते चुकलं. मला माफ कर. आज उपदेश करायला आलो नाही. जीप आणली आहे. चल."

तो बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, "बिल किती येईल?"

बंधू-भगिनींनो, हट्टाच्या मागे भीती होती. आणि ती भीती आम्ही ओळखली नव्हती.

आम्ही त्याला सांगितले, की महाराष्ट्रात आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. तेव्हा कुठे तो उठला.

प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासले. साखर ३४० निघाली. तेथून जिल्हा रुग्णालयात पाठवले. तळव्यात बाभळीचा काटा मोडून राहिला होता. कित्येक दिवस तो आत होता आणि मित्राला त्याचा पत्ताही नव्हता. करंगळी काळी पडली होती. ती काढावी लागली. पाय वाचला.

डॉक्टर म्हणाले, "आठ दिवस आधी आला असता तर बोटही वाचलं असतं."

आम्ही मान खाली घातली. ते आठ दिवस आमच्या अडून बसण्यातच गेले होते.

मित्र बारा दिवस दवाखान्यात होता. आम्ही रोज डबा घेऊन जात होतो. तेथे खाटेजवळ बसून, दोघेच असताना, तीन गोष्टी स्पष्ट बोललो.

पहिली गोष्ट : पोटाची

आम्ही विचारले, "दिवसाला चहा किती?"

तो म्हणाला, "सहा कप. पाहुणा आला तर जास्त."

"साखर?"

"कपाला दोन चमचे."

आम्ही कागद घेतला. सहा कपांचे बारा चमचे. एका चमच्यात साधारण ५ ग्रॅम साखर. म्हणजे दिवसाला ६० ग्रॅम. महिन्याला १,८०० ग्रॅम. पावणेदोन किलोच्या वर साखर नुसत्या चहातून! "शुगर देवानं दिली म्हणतोस. ही तर तू स्वतः वाण्याकडून आणतोस," आम्ही म्हणालो. तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

मग उपवासाची गोष्ट निघाली. आपल्यात 'एकादशी, दुप्पट खाशी' अशी म्हण आहे. ती उगीच पडली नाही. उपवासाला मित्र ताटभर साबुदाण्याची खिचडी खायचा. साबुदाणा कंदाच्या पिठापासून करतात. पोटात गेला की त्याची साखरच होते. मधुमेही माणसाला तो उपवास नव्हे, मेजवानी झाली. उलट, गोळ्या घेऊन अगदी उपाशी राहणेही वाईट. त्याने रक्तातील साखर एकदम खाली जाते. घाम सुटतो, हातपाय कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. असे झाले तर ताबडतोब साखर किंवा गूळ खावा. उपवास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

रोजचे ताट कसे वाढावे? निम्मे ताट भाजी, पालेभाजी, काकडी, मुळा यांनी भरावे. पाव भागात डाळ किंवा मटकीची उसळ. उरलेल्या पाव भागात भाकरी किंवा भात. ज्वारी-बाजरीची भाकरी चांगली. पण चांगली म्हणून चार खाऊ नयेत. यांतले बहुतेक आपल्याच रानात पिकते. त्यासाठी शहरातून काही आणावे लागत नाही.

आणि पाय! मधुमेहात पायाची जाणीव कमी होते. काटा बोचला तरी कळत नाही, भाजले तरी कळत नाही. म्हणून रोज रात्री दिव्याच्या उजेडात तळवे पाहावेत. स्वतःला दिसत नसतील तर घरच्यांना पाहायला सांगावे. घरातही पायात चप्पल असावी.

मधुमेह आहे की नाही, हे रक्ताच्या तपासणीवरून कळते. सकाळी उपाशीपोटी रक्त तपासतात. साखर १०० च्या आत असली तर ठीक. १०० ते १२५ म्हणजे धोक्याची सूचना. १२६ किंवा त्याहून जास्त आली तर पुन्हा तपासून घ्यावी. दोन्ही वेळा तशीच आली तर मधुमेह समजावा. पुष्कळांना आजार असतो आणि कित्येक वर्षे कळत नाही. म्हणून वयाच्या तिशीनंतर तपासणी करून घ्यावी.

दुसरी गोष्ट : पैशाची

आम्ही म्हणालो, "सावकाराला आजवर किती दिलेस?"

तो म्हणाला, "दर महिन्याला देतो. एक महिना चुकवला नाही."

पुन्हा कागद घेतला. ५०,००० रुपयांवर शेकडा पाच म्हणजे महिन्याला २,५०० रुपये. अठरा महिन्यांचे झाले ४५,००० रुपये. आणि मुद्दल? ५०,००० जसेच्या तसे! आणखी दोन महिने गेले असते तर व्याजच मुद्दलाएवढे झाले असते. 'शेकडा पाच' ऐकायला लहान वाटते. पण वर्षाला ते शेकडा साठ होते.

मित्र कागदाकडे पाहत राहिला. म्हणाला, "मी हे कधी मांडलंच नव्हतं."

"कागदावर काय लिहिलं होतं?"

"वाचलं नाही. सावकार म्हणाला, सही कर. केली."

वाचक हो, येथे आम्हाला फार वाईट वाटले. हा माणूस रात्रीच्या वर्गात बसून, कंदिलाजवळ डोळे ताणून वाचायला शिकला. पोथी वाचतो, एस.टी.ची पाटी वाचतो. पण ज्या कागदाने त्याचे घर जाणार होते, तो कागद त्याने भिडेपोटी वाचला नाही. अक्षर शिकायचे ते अशा वेळी उपयोगी पडावे म्हणून. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधी देऊ नका. समोरचा कितीही ओळखीचा असो, 'थांबा, आधी वाचतो' म्हणायला लाजू नका.

सावकारीचा कायदाही माहीत असावा. महाराष्ट्रात २०१४ साली नवा कायदा आला. सावकारी करायला परवाना लागतो. परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. सावकाराला मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. दिलेल्या पैशाची पावती मागणे हा आपला हक्क आहे. तक्रार करायची असेल तर तालुक्याला सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांचे कार्यालय असते, तेथे करावी.

मित्र बरा झाल्यावर आम्ही दोघे त्या कार्यालयात गेलो. सावकाराजवळ परवाना नव्हता. चौकशी होणार हे कळताच तो आपण होऊन तडजोडीला आला. ६५,००० वर प्रकरण मिटले. ४५,००० आधीच दिले होते. राहिलेले २०,००० वहिनींच्या बचत गटातून काढले. तेथे व्याज शेकडा दोन. पहिल्या महिन्याचे व्याज ४०० रुपये झाले. कुठे २,५०० आणि कुठे ४००! शिवाय येथे मुद्दलही दर महिन्याला कमी होते.

आणि गावजेवण? त्या दिवशी सातशे पाने उठली. आम्हीही दोन वेळा जिलबी मागून घेतली होती. कर्ज काढून हे चालले आहे, हे आम्हाला ठाऊक होते. तेव्हा आम्ही काही बोललो नाही. जेवताना गप्प बसायचे आणि माणूस बुडाल्यावर अक्कल शिकवायची, ही मैत्री नव्हे.

तिसरी गोष्ट : देवाची

ही गोष्ट सर्वांत नाजूक. म्हणून सर्वांत शेवटी काढली.

आम्ही म्हणालो, "तुझा विठोबा तुझा आहे. त्याच्या आणि तुझ्या मध्ये आम्ही येत नाही. पण एक सांग. इतकी वर्षं वारी केलीस. विठोबानं कधी अकरा हजार मागितले?"

तो म्हणाला, "नाही. तुळशीची माळ आणि बुक्का, एवढंच."

"मग हा मध्येच मागणारा कोण?"

तो गप्प झाला. आम्ही पुढे म्हणालो, "तुकोबांची गोष्ट तूच आम्हाला सांगतोस. दुष्काळानंतर लोकांकडून येणं होतं, त्याचे कागद वाट्याला आले. ते त्यांनी इंद्रायणीत सोडून दिले, असं सांगतात. संत माणसाला कर्जातून मोकळं करतो. आणि हा बुवा तुला कर्ज काढायला लावतो. दोघांतला फरक तूच ओळख."

मित्राने डोळे मिटले. म्हणाला, "पण औषध घेतलं तर देवावर विश्वास नाही, असं तो म्हणाला होता."

आम्ही त्याला इन्सुलिनची गोष्ट सांगितली. मधुमेहावरचे हे औषध १९२१ साली कॅनडातील टोरोंटो शहरात सापडले. त्याआधी ज्या मुलांना हा आजार होई, ती थोड्याच काळात मरत. शोध लावणाऱ्यांनी १९२३ साली आपला हक्क तेथील विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकला. "अशी बुद्धी माणसाला कुणी दिली? देवानंच दिली म्हण. मग ते औषध नाकारणं ही कसली भक्ती?"

२०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. चमत्काराचा देखावा करून लोकांना फसवणे, पैसे लुबाडणे हा त्यात गुन्हा आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हाही गुन्हा आहे. मात्र वारी, कीर्तन, भजन, पूजा यांना हा कायदा हात लावत नाही. भक्तीला बंदी नाही, फसवणुकीला आहे.

उलटा उपदेश

दवाखान्यातून घरी सोडण्याच्या आदल्या दिवशी मित्र म्हणाला, "माझा सगळा हिशेब केलास. आता तुझा करू का?"

"कर की."

"तुझी तंबाखूची पुडी रोज दहा रुपयांची. वर्षाची किती?"

आम्ही गप्प. त्यानेच कागद घेतला. ३,६५० रुपये! मग म्हणाला, "माझं बोट गेलं. तुझं तोंड जाईल. त्या कोपऱ्यातल्या खाटेवरचा माणूस पाहिलास ना? जबड्याचा कर्करोग आहे त्याला. तंबाखूनं."

त्याने खोलीत कोणी नसताना, हळू आवाजात सांगितले. आम्हाला राग आला. पण ज्या तोंडाने आम्ही त्याला सुनावले, त्याच तोंडात तंबाखू होती. थुंकून आलो.

आज दीड वर्ष झाले. तंबाखू दोनदा पुन्हा धरली. दोन्ही वेळा मित्राने पकडले. आता सुटली आहे.

मित्राची साखर आता आवाक्यात आहे. गेल्या आषाढीला तो डॉक्टरांना विचारून वाखरीपासून पंढरपूरपर्यंत चालला. गळ्यात माळ होती, पिशवीत गोळ्या होत्या आणि पायात मऊ बूट होते. आम्ही टाळ धरून बरोबर चाललो होतो. मुक्कामाला त्याने बूट काढले आणि तळवा आमच्यापुढे केला. म्हणाला, "बघ रे, काही लागलंय का."

आम्ही दिवा जवळ घेतला आणि पाहिले. काही लागले नव्हते.

लक्षात ठेवा

१. मित्राची चूक दिसली तर वेळीच सांगा. जेवताना गप्प आणि नंतर शहाणे, असे होऊ नका.
२. चार माणसांत सांगू नका. दोघेच असताना सांगा.
३. आधी हात लावा, मग तोंड उघडा.
४. हट्टामागची भीती शोधा.
५. आपल्यालाही कोणी स्पष्ट सांगितले तर ऐकून घ्या.

प्रश्न

१. पारावर बोललेले खरे होते, तरी त्याचा उपयोग का झाला नाही?
२. 'तुमचं खरं तुमच्यापाशी राहिलं,' असे वहिनी का म्हणाल्या?
३. मधुमेही माणसाने रोज रात्री पाय का पाहावेत?
४. तुम्हाला कोणी कडू पण खरे सांगितले होते का? तेव्हा तुम्ही काय केले? चार ओळी लिहा.

हिशेब करा

१. ३०,००० रुपये कर्ज. व्याज महिन्याला शेकडा तीन. महिन्याचे व्याज किती? वर्षाचे किती?
२. तुमच्या घरात महिन्याला चहाला किती साखर लागते? घरच्यांना विचारून लिहा.